बिनपायरीचं दार

तहसीनच्या भावाचा फोन आला तेव्हा मी तिच्याच नावानं बोटं मोडत होते. सकाळी येते म्हणाली होती, थेरपीच्या खोलीत एका भिंतीला ओल आली होती ती बघायला, आणि जेवायची वेळ टळून गेली तरी बाईसाहेबांचा पत्ता नव्हता. फोनही उचलत नव्हती. वेळ पाळणं तिला शाळेपासून कधी जमलं नाही. त्यामुळं इर्शादचं नाव दिसलं तेव्हा मी 'हॅलो'सुद्धा न म्हणता विचारलं, "कुठंय रे तुझी आपा?" मग तो म्हणाला, "मेधादीदी… आपा नही रही." पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मला आधी राग आला. रडू नंतर, तिच्या घरी गेल्यावर आलं. आता काही आठवडे उलटून गेलेत, लोक भेटले की तिच्याबद्दल चांगलं चांगलं बोलतात, आणि मी मान हलवत असते. पण खरं सांगायचं तर तो राग अजून माझ्या पोटात तसाच आहे. तिच्यावरचाही, आणि ज्यांनी तिला उभ्या आयुष्यात साध्यासाध्या गोष्टींसाठी भांडायला लावलं त्यांच्यावरचाही.

आम्ही एका बाकावरच्या. तिच्या अब्बांची शहागंजात लाकडाची वखार होती, आणि शाळा सुटली की ती सागाच्या ओंडक्यावर बसून अभ्यास करायची. घरी दखनी, माझ्याशी मराठी आणि भांडताना दोन्ही. ती आर्किटेक्ट झाली, मी फिजिओथेरपिस्ट. मी लहान मुलांचे आखडलेले हातपाय सोडवायचं काम करते. जन्मतःच मेंदूला इजा झालेली, चालायला न शिकलेली मुलं माझ्याकडं येतात. तहसीननं उंच इमारती कधी बांधल्या नाहीत. घरं बांधली, दोनचार दवाखाने, एका शाळेची स्वच्छतागृहं. लोक तिच्याकडं घराचा दर्शनी भाग कसा दिसेल ते विचारायला यायचे आणि ही पहिला प्रश्न टाकायची, "तुमच्या आईंचे गुडघे कसे आहेत? त्या बाथरूमला कशा जाणार?" माणूस गडबडायचा. काहीजण परत यायचेच नाहीत. मी तिला म्हणायचे, अगं, आधी त्यांना चहा तरी पाजत जा. त्यावर ती म्हणायची, "चहा पिऊन गुडघे बरे होतात का गं?"

बिडकीनच्या रस्त्यावर तिनं एक मंगल कार्यालय बांधलं होतं. मोठं काम, तिच्यासाठी तर फारच मोठं. उद्‌घाटनाला मलाही घेऊन गेली, ठेवणीतली साडी वगैरे नेसून. दारात पोचलो आणि ती थबकलीच. मुख्य पायऱ्यांशेजारी तिनं हौसेनं काढलेला सुरेख रॅम्प होता आणि त्यावर वरपासून खालपर्यंत झेंडूच्या कुंड्या ओळीनं मांडल्या होत्या. मालक हात जोडून पुढं आले, "या मॅडम, या! कसं दिसतंय?" पदर खोचून ती एकेक कुंडी उचलून बाजूला ठेवायला लागली. पाहुणे बघतायत, बँडवाले बघतायत. मालक कानाशी येऊन म्हणाले, "अहो मॅडम, झालं ना आता पास! आता कशाला?" तहसीन त्यांच्याकडं वळली, "पास व्हायला बांधला होता का तो? हौ?" तेवढ्यात एका म्हाताऱ्या आजोबांना खुर्चीसकट दोघं जण उचलून पायऱ्या चढवत होते. आजोबा शरमेनं खाली मान घालून बसले होते. परत येताना गाडीत ती सारखी त्या आजोबांच्या मानेबद्दल बोलत होती. पुढं त्या मालकांनी तिला पुन्हा काम दिलं नाही, हे सांगायला नको.

माझं सेंटर तेव्हा एका औषधाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर भाड्याच्या जागेत होतं. अरुंद जिना, मध्येच वळणारा. ज्यांना चालता येत नाही अशी मुलं आणि त्यांना उचलून जिना चढणाऱ्या आया… हा विनोद मला रोज दिसत होता, पण दुसरी जागा परवडत नव्हती. मग शहरातच, गारखेडा भागातला माझ्या वडिलांचा लहानसा प्लॉट माझ्या वाट्याला आला. खाली सेंटर, वर घर असं ठरलं आणि नकाशा अर्थातच तहसीनकडं गेला. मला वाटलं, पावसाळ्याच्या आधी पाया खणू.

पहिला अडथळा आला तो नावाचा. प्लॉट राहण्यासाठीच्या झोनमध्ये. तिथं डॉक्टरला घराखाली दवाखाना काढता येतो, पण मुलं शिकायला येत असतील तर ती शाळा झाली, आणि शाळेला समोरचा रस्ता रुंद लागतो. परवानगीच्या ऑफिसातले एक साहेब म्हणायचे हा दवाखाना, दुसरे म्हणायचे ही शाळा. पहिल्यांची बदली झाली की फाइल पुन्हा खालून सुरू. तो गुंता सुटला तर रॅम्पचा सुरू झाला. आमच्या भागात घरं रस्त्यापासून उंचावर बांधतात, पाणी शिरू नये म्हणून. जितकी उंची जास्त तितका रॅम्प लांब, कारण त्याचा चढ हलकाच हवा, नाहीतर चाकाची खुर्ची उलटते. एवढा लांब रॅम्प बसवायचा तर तो घराभोवतीच्या मोकळ्या जागेत येत होता. ती जागा नियमानं मोकळीच सोडायची. घराच्या आत घ्यावा तर थेरपीची निम्मी खोली खायचा. एक नियम म्हणतो रॅम्प पाहिजे, दुसरा म्हणतो इथं नको, आणि दोन्ही नियम माणसांच्या भल्यासाठीच केलेले! तहसीनचे नकाशे जायचे आणि लाल शेरे घेऊन परत यायचे.

एका संध्याकाळी ती माझ्याकडं आली ती हसतच. "रॅम्पच नको," म्हणाली. तिनं सगळं घरच खाली आणलं होतं. थेरपीची खोली रस्त्याच्या पातळीत, दारात एकही पायरी नाही, आणि पावसाचं पाणी अडवायला दारापुढं आडवं, जाळी टाकलेलं गटार. रस्त्यावरून खुर्ची ढकलली की सरळ आत. मला इतका आनंद झाला की मी तिला मिठी मारली. इतकी साधी गोष्ट आधी कशी सुचली नाही, असं दोघींनाही वाटलं.

नकाशा परत आला. शेरा होता: रॅम्प दाखवलेला नाही.

तहसीन ऑफिसात गेली, मीही गेले. टेबलापलीकडचा माणूस काही वाईट नव्हता. म्हणाला, "मॅडम, चढच नाही तर रॅम्प कशाला, हे मला कळतं हो. पण इथं रॅम्पचा रकाना आहे. तो मी रिकामा कसा सोडू? उद्या मलाच विचारतील." मग आवाज खाली आणून म्हणाला, "कडेला एक छोटासा दाखवून टाका. सगळे तेच करतात." तहसीन उठून चालायला लागली.

त्यावरून आमचं भांडण झालं, आणि ते साधंसुधं नव्हतं. मी म्हटलं, काढ ना एक रेघ, तुझं काय जातं? ती म्हणाली, "नाय काढणार. आज खोटा रॅम्प काढला तर तपासणीच्या वेळी खोटा रॅम्प बांधावा लागंल, आणि तो तुझ्याच दारात आडवा येईल. त्यावर कुंड्या ठेवशील तू." मी म्हटलं, तुझ्या रेघेपायी माझी मुलं जिन्यात अडकलीत. ती निघून गेली. नंतर कितीतरी दिवस आम्ही एकमेकींना फोन केला नाही.

त्याच सुमारास मंगलनं येणं थांबवलं. मंगल गंगापूरकडच्या एका खेड्यातली. लेकराला, सार्थकला, कडेवर घेऊन जीपनं शहरात यायची, पुढं रिक्षा, मग तो जिना. सार्थकचं डोकं तल्लख, पाय मात्र ऐकत नाहीत. तो वाढत होता, जड होत होता. तिचा फोन आला, "ताई, आता उचलत नाय तो माझ्यानं. कंबर गेली माझी. घरीच करते जमंल तसं." मी सगळा अबोला विसरून तहसीनला फोन लावला आणि एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "पत्ता दे."

ती एकटीच जीपनं त्या गावाला गेली. काय झालं ते मला दोघींकडून कळलं. तहसीन समजूत घालायला गेली होती, की थोडी कळ काढा, नीट जागा होतेय. मंगलनं तिला चहा दिला आणि म्हणाली, "तुमी नियमाचं भांडा, बाई. लई चांगलं काम हाय. पर तवर माझं पोर मोठं व्हतंय." गावातला गवंडी बोलावून तहसीननं मंगलच्या घराचा उंबरा उतरता करून घेतला, न्हाणीघरात धरायला लोखंडी दांडा बसवला, आणि दुसऱ्या दिवशी इथं येऊन थेट सर्वांत वरच्या साहेबांच्या केबिनबाहेर ठाण मांडलं. मागणी एकच. नकाशा बघू नका, जागेवर या.

ते लगेच आले नाहीत, हेही सांगायला नको. पण आले. प्लॉटवर फक्त चुन्याच्या रेघा आणि दोऱ्या ताणलेल्या. साहेब दमलेले, उन्हानं वैतागलेले. तहसीननं दोरीला हात लावून दाखवलं, इथं रस्ता, इथं खोली. ते थोडा वेळ बघत राहिले. म्हणाले, "म्हणजे वर चढायचंच नाही?"

"नाही साहेब."

"मग रॅम्प कशाला?"

खिशातलं पेन काढून त्यांनी गाडीच्या बॉनेटवर नकाशा ठेवला, एका ओळीचा शेरा लिहिला, सही केली आणि गेले. मी नाचायचीच बाकी होते. तहसीन मात्र रिक्षात बसल्यावर रडायला लागली. मी तिला अब्बांच्या मयतीलाही तशी रडताना बघितलं नव्हतं. "इतकंच होतं, मेधा," ती म्हणत राहिली, "इतकंच! कुणीतरी येऊन बघायचं होतं फक्त…"

घर झालं. मंगल परत आली. आता सार्थक चाकाच्या खुर्चीतून, कुणाचा हात न लागता, स्वतःच आत येतो. पण तो घरी होता त्या काळात त्याच्या गुडघ्यामागचे स्नायू आखडले ते आखडलेच. वाढत्या वयात गेलेली हालचाल परत येत नाही, माझा धंदाच आहे हा, मला माहीत आहे. तहसीनलाही माहीत होतं. तिनं ती रेघ काढायला हवी होती का? मी स्वतःशी हा वाद अजून घालते. कधी ती जिंकते, कधी मी. दार बघितलं की ती जिंकते. सार्थकचा गुडघा हातात घेतला की मी.

आणि आता रस्ता. ती गेली त्याच्या पुढच्याच आठवड्यात आमच्या भागात काँक्रीटचं काम निघालं. जुना थर खरवडून मग नवा टाकायचा असतो, हे तिनंच मला कधीतरी सांगितलं होतं. इथं जुन्यावरच नवा ओततायत. पलीकडच्या गल्लीत रस्ता वीतभर वर आलाय आणि लोकांची फाटकं अर्धवट उघडतात. मी कामावरच्या सुपरवायझरला आमचं रस्त्याच्या पातळीतलं दार दाखवलं. त्यानं बघितलं, विचार केला आणि अगदी मनापासून सल्ला दिला, "ताई, आतल्या बाजूनं एक रॅम्प काढून घ्या ना. नियमातच आहे ते." मी हातातला फोन उघडून तिचं नाव काढलं होतं… मग बंद केला. अर्ज दिलाय. सोमवारी या म्हणाले, सोमवारी गेले, साहेब साइटवर होते. कुठल्या साइटवर, ते कुणाला माहीत नव्हतं.

थेरपीच्या खोलीत रस्त्याच्या बाजूला एक खिडकी आहे, इतकी खाली की मोठ्या माणसाला ती चुकून झाली असं वाटावं. बांधकाम चालू असताना मिस्त्रीलाही तसंच वाटलं होतं. तहसीननं त्याला विटा-रेतीत खाली बसवलं आणि स्वतः शेजारी बसली. "काय दिसतंय इथून?" तो म्हणाला, "भिंत." "लेकरं इथं सतरंजीवर पडून असतात, चाचा. त्यांनी काय भिंतच बघायची?" मिस्त्रीनं खिडकीसाठी वर बांधलेली दोरी खाली घेतली.

सार्थकची सतरंजी त्याच खिडकीशी असते. गुडघा सरळ करताना त्याला फार दुखतं. पूर्वी ओरडायचा, आता बाहेर बघत राहतो. सध्या तर त्याची चैनच आहे. गल्लीच्या तोंडाशी काँक्रीटचं मशीन आलंय, ते गरगर फिरतं, माणसं पाट्या घेऊन पळतात, आणि तो मला सगळं वर्णन करून सांगतो. काल मी त्याचा पाय दाबून धरला होता आणि तो दात-ओठ खाऊन, मान वळवून बाहेर बघत होता. एकदम ओरडला, "ताई, बघा ना, पुढं सरकलं! उद्या आपल्या दारापुढं येतंय!"