लाल पेन्सिलीनं खोडलेला विषय

त्या हेडमास्तरांचं नाव मी मुद्दामच सांगत नाही. सत्तरच्या दशकात मी सांगलीत कोर्टासमोर टायपिंग करायचो. त्यांचा पीएच.डी.चा अर्ज मीच टाइप केला होता. विषय होता, ‘शाळांच्या कारभारात संस्थाचालकांचा हस्तक्षेप’. अर्जावर त्यांच्या संस्थेच्या अध्यक्षांची सही लागायची.

आठवड्यानं हेडमास्तर अध्यक्षांच्या गावाहून, कडेगावहून, परत आले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी माझ्या टेबलावर आपटली. अध्यक्षांनी लाल पेन्सिलीनं ‘हस्तक्षेप’ खोडून वर ‘थोर कार्य’ लिहिलं होतं आणि खाली सही ठोकली होती.

माझंच डोकं फिरलं. “द्या इकडं, फाडून टाकतो. नवा करू.”

त्यांनी कागद मागं ओढला, छातीशी धरला.

“फाडायचा न्हाई! माझ्या प्रबंधाचा पयला पुरावा हाय ह्यो. आन् त्योबी त्यांच्याच सहीनिशी!”