मोडक्या शिंगाचे अकरा बैल

वर्धेच्या कोर्टापुढे कडुनिंबाखाली अर्ज लिहिणारे मुनशीजी काहीही मोजत. साक्षीदार खोटं बोलताना किती वेळा खाकरतो, तेसुद्धा. आंजीचा एक भाजीवाला बैलचोरीत तुरुंगात जाणार होता. कारण एवढंच, की त्याच्या पांढऱ्या बैलाचं डावं शिंग मोडलेलं होतं आणि फिर्यादी पाटलांच्या चोरीला गेलेल्या बैलाचंही.

"असे बैल हायेत किती, हे कोणी मोजलं काऊन नाई?" म्हणत मुनशीजी सायकलीवर गावोगाव हिंडले.

तारखेला आवारात भाजीवाल्याच्या बैलासकट तसेच अकरा बैल उभे! त्यांच्या हंबरण्याने कोर्टाचं छप्पर हललं, खोटं नाही सांगत.

"ओळखा पाटील, तुमचा कोणता हाय?" मुनशीजी म्हणाले.

पाटलांनी बेधडक हात ठेवला, तो मुनशीजींच्या घरच्या बैलावर.

भाजीवाला सुटला. तेव्हापासून मी माझी छत्रीसुद्धा शपथेवर ओळखत नाही.