उपकार मानलेली भिंत

उंब्रजच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत शांतवनइतका देवाचे उपकार मानणारा दुसरा माणूस नव्हता. भाकरी फुगली तरी उपकार, करपली तरी उपकार. भाकरी थापणारी त्याची बायको मनुबाई. तिचं नाव त्या उपकारांत कधी आलं नाही.

सन चव्वेचाळीसच्या पावसात त्याच्या घराची मागची भिंत बसली. त्यानं तिथं तरट लावलं आणि तरटाबद्दल उपकार मानले. आठ महिने तरटच. मग साताऱ्याहून निरोप आला, लेक सलोमी पहिल्या बाळंतपणाला येणार. त्याच दिवशी मनुबाई माझ्या दारात.

"भावजी, पोरगी काय तरटाआड बाळंत व्हायची व्हय?"

मी मातीकाम करणारा. मोहिद्दीन गवंडी माझा जोडीदार. मातीची भिंत थराथरानं चढते. एक थर वाळल्याशिवाय दुसरा घालता येत नाही. चिखलात भाताचं काड टाकून तो पायाला चिकटेनासा होईपर्यंत तुडवायचा असतो. तुडवणं माझ्याकडं, थर मोहिद्दीनकडं, पाणी शांतवनकडं. त्याची घागर निम्मी यायची. आठवड्यात भिंत कमरेला आली.

रविवारी उपासनेत उठून साक्ष द्यायची आमच्यात रीत आहे. शांतवन उठला.

"माझी भिंत पुरी झाली. देवाचे उपकार."

मंडळी 'आमेन' म्हणाली. माझं 'आमेन' त्यात नव्हतं.

सोमवारी आम्ही गेलो तर हा खाटेवर.

"घागर उचल," मी म्हटलं.

"न्हाई. मागितलं ते मिळालंच, असं धरून उपकार मानलेत. आता पानी वाहिलं तर अविश्वास हुतोय."

मोहिद्दीननं थापी पुसून पिशवीत टाकली. "चल गड्या. झालेल्या भिंतीवर थर घालायचा म्हंजे आपलाबी अविश्वासच की."

आम्ही निघून आलो. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मनुबाईचं वाटलं. चार दिवस पाणी तिनं वाहिलं, चिखल तिनं तुडवला. थर मात्र तिला जमेना, लावला की घसरायचा.

शुक्रवारी सलोमीच हजर. अजून आठवड्यानं यायची होती. बापाचं पत्र मिळालं, भिंत झाली, म्हणून लवकर निघाली. तिनं तरट उचललं. पलीकडं आई गुडघाभर चिखलात.

"बा, भिंत कुठं हाय?"

"झालीच हाय. विश्वासानं बघ."

"विश्वासानंच बघतीया. आप्पासोची म्हस दिसतीया."

शेजारचा आप्पासो धारेला बसला होता. तो एवढ्या मोठ्यानं हसला, की म्हशीनं पाय झाडला.

शांतवन माझ्याकडं आला. मी म्हटलं, आधी मोहिद्दीनकडं जा. मोहिद्दीननं त्याला उंबऱ्याबाहेरच विचारलं, "आवं, पुरी झालेली भिंत पडली व्हय?"

"न्हाई मोहिद्दीनभाई. कमरेएवढीच हाय."

"आता कसं."

पुढचे नऊ दिवस चिखल शांतवननं तुडवला. मी काठावर उभा. पायाला चिकटला की पुन्हा तुडवायला लावला. दोनदा तो मटकन बसला, दोनदा मी उठवला. तोंडातून 'उपकार' निघाला नाही, दम निघाला. शेवटचा थर वाशांना भिडला. त्यानंतर चौथ्या दिवशी सलोमीला मुलगी झाली. वारा बाहेर राहिला.

रविवारी शांतवन पुन्हा उठला. टाचा फुटलेल्या.

"देवानं माझ्या पायांना बळ दिलं. उपकार."

बायकांच्या रांगेतून मनुबाई बसल्या जागेवरूनच बोलली, "आनि माझं पाय काय शेजारनीचं हुतं?"

पाळकांनी घाईनं गीत उघडलं. कुणी 'आमेन' म्हणेना. मग मनुबाईच्या बोलण्यावर मीच म्हटलं, चांगलं मोठ्यानं.