अळणी भाकरी

भूमजवळच्या तळ्यावर मी रोज सकाळी फिरायला जातो. तिथं एक म्हातारा मासेमार दिसायचा. थर्माकोलच्या तराफ्यावर बसण्याआधी तो ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचा, डोळे मिटून घोळवायचा आणि थुंकायचा. कुठल्या अंगाला जाळं टाकायचं, ते त्या चवीवरून ठरवायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही.

यंदा तळं पार आटलं. काठावर क्षारांचा पांढरा थर दिसायला लागला, आणि म्हातारा तीन-तीनदा चूळ भरायला लागला. त्याची न्याहारी म्हणजे अळणी भाकरी आणि कांदा. मला वाटलं, डॉक्टरनं मीठ बंद केलं असेल. तसं विचारलं, तर चिडलाच.

"डॉक्टर कशाला सांगतोय? माझ्याच जिभंवर मीठ असलं, तर तळ्यातलं कसं कळंल? ऊन पाणी नेतंय, मीठ हितंच ऱ्हातंय. रोहूची पिल्लं गेली. चिलापी तेवढी तग धरून हाय."

मीही एक ओंजळ भरून चव घेतली. म्हणालो, "मला तर गोडच लागतंय, मामा."

तराफा पाण्यात लोटत तो म्हणाला, "तुमाला खारट लागंल ना, तवा यात एक बी मासा नसंल."

आठवड्याभरात तो यायचा बंद झाला. तराफा काठावर उलटा पडलाय. त्याच्याऐवजी आता मीच रोज चूळ भरतो. पाणी अजून गोडच लागतं, म्हणून आता मीही भाकरी अळणीच खातो.