त्रिनिदादची डाळपुरी

परदेशात आम्ही राहतो त्या स्कारबरोमध्ये, घराजवळच्या दुकानांच्या प्लाझात, कॅरिबियन रोटीचं दुकान आहे. ग्रोसरी घेऊन तिथून जाताना भाजलेल्या जिऱ्याचा वास आला की मला कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटावरची एक दुपार आठवते आणि अजूनही शरमल्यासारखं होतं.

सुट्टीत मी आणि माझा नवरा अविनाश समुद्राजवळच्या एका घरगुती हॉटेलात जेवायला गेलो होतो. आम्ही भारतातले आहोत हे कळल्यावर मालकीणबाईंनी मेन्यू बाजूला ठेवला आणि स्वतः गरम डाळपुरी करून आणली. मऊसूत, आत वाटलेली डाळ आणि भाजलेलं जिरं.

"माझी आजी अशीच करायची," त्या इंग्रजीत म्हणाल्या, पण 'आजी' हा शब्द आपलाच होता. "तिचे आईवडील भारतातून उसाच्या मळ्यांत मजुरीला बोटीतून इथे आले. तुमच्याकडे अजून अशीच करतात ना?"

"छे," अविनाश हात पुसत म्हणाला, "भारतात असलं काही कोणी करत नाही."

बाईंचं हसू मावळलं. "मग आम्हीच विसरलो असू," असं हळूच म्हणून त्या आत गेल्या. मी मान खाली घालून खात राहिले.

पुढे कितीतरी वर्षांनी ऑफिसातल्या बिहारच्या मैत्रिणीच्या डब्यात मी हुबेहूब तीच डाळपुरी खाल्ली. बाई काहीच विसरल्या नव्हत्या.

घरी येऊन अविनाशला सांगितलं. त्याने शोधायला फोन हातात घेतला. मग म्हणाला, "त्या हॉटेलचं नाव आठवतं का गं तुला?"

मलाही आठवत नव्हतं.