सोळा पेट्यांचा राखणदार

पिंपळगाव राजा या गावच्या भागवतला कुणी एखादी वस्तू वापरायला दिली, तर ती दिल्यापेक्षा चांगली होऊन परत यायची. विळा नेला तर धार लावून, दोर नेला तर उसवलेलं टोक विणून. साठीला आलेल्या या माणसाबद्दल गावात फारसं बोललं जात नाही, पण एवढं सगळेच सांगतात. म्हणूनच गेल्या वर्षी सारिका शेत शोधत गावात आली, तेव्हा लोकांनी तिला सरळ भागवतच्या दारात नेऊन उभं केलं.

सारिका देऊळघाटची, निवृत्त पोस्टमन किसनरावांची मुलगी. खामगावला खोली करून राहायची आणि पीएच.डी.चं काम करायची. तिला कपाशीच्या शेतात सोळा पेट्या लावायच्या होत्या. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, कमरेएवढ्या उंच पाइपवर बसवलेली. तिच्यातून एक तार खाली वीतभर जमिनीत. मातीत ओल किती आहे ते पेटीला कळायचं. ती ते शेजारच्या पेटीला बिनतारी कळवायची, शेजारची पुढच्या पेटीला. असं करत आकडे गोठ्याच्या पत्र्यावरल्या मोठ्या पेटीत यायचे आणि तिथून सारिकाच्या मोबाइलवर.

"एकमेकींशी बोलतात त्या, काका," सारिकानं पहिल्याच दिवशी समजावलं होतं. "ज्या दोघी शेजारणी रोज एकच गोष्ट सांगतात, त्यातल्या एकीला झोपू द्यायचं. बॅटरी वाचते. कोणाला झोपवायचं न् कोणाला जागं ठेवायचं, हेच माझं संशोधन."

"आमच्या गल्लीत लाव एखादी," भागवतची बायको विमलबाई आतून म्हणाली. "एकबी झोपत नाही."

आणखी दोन शेतांत सारिकानं पेट्या लावल्या होत्या. तिथं बैलांच्या जुवानं पाइप वाकले, तारा तुटल्या, आणि पहिल्याच वर्षी त्या शेतांचा नाद तिला सोडावा लागला. भागवतच्या शेतातली एकही पेटी दोन हंगामांत मोडली नाही. तिचा सगळा प्रबंध त्या एका शेतावर उभा राहिला. ती दर रविवारी फोन करून विचारायची, "पेट्यांना काही झालं नाही ना, काका?" आणि भागवत अभिमानानं सांगायचा, "काहीच नाही."

यंदा कपाशीची दुसरी वेचणी चालू असताना सारिका लॅपटॉप घेऊन आली. पुढच्या महिन्यात प्रबंध द्यायचा होता. त्याआधी भागवतकाकांना त्यांच्या शेताचा नकाशा दाखवावा, एवढ्यासाठीच ती आली होती.

"ओल टिकते तिथं निळा रंग, लवकर सुकते तिथं लाल," ती म्हणाली. "एरवी शेजारच्या पेट्या सारखंच सांगतात. तुमच्या शेतात नाही सांगत, काका. एकीच्या बाजूला दुसरी, न् दोघींचं पार उलटं. म्हणजे इथं कोणालाच झोपवता येत नाही. असं आजवर कोणी लिहिलं नाही. सर खूश आहेत."

भागवतनं चष्मा लावला आणि नकाशा नीट पाहिला. बाभळीकडचा मुरमाड पट्टा, जिथं आठ दिवस पाऊस नसला की झाडं माना टाकतात, तो निळा होता. नाल्याकडचा खोलगट कोपरा, जिथं दिवाळीपर्यंत पाय रुततो, तो लाल. तीस वर्षं तो त्या मातीत वावरला होता. त्याला कळायला वेळ लागला नाही.

कपाशीत तण काढायला आणि माती मोकळी करायला तीन-चार वेळा बैलांचे डवरे फिरवावे लागतात. प्रत्येक डवरणीच्या आदल्या संध्याकाळी भागवत सोळाही पेट्या उपटून आणायचा. फडक्यानं पुसून गोठ्यात पोत्यावर ओळीनं ठेवायचा. जागा चुकू नये म्हणून प्रत्येक ठिकाणी झाडाच्या बुडाशी एक खुंटी ठोकलेली. डवरणी झाली की बरोबर खुंटीवर पाइप रोवायचा, तार पुन्हा वीतभर खाली. जागा एकही चुकत नव्हती. कोणत्या जागी कोणती पेटी, हा विचार मात्र त्याच्या मनात कधी आला नव्हता. सारिकाच्या यादीत प्रत्येक क्रमांकाच्या पेटीची जागा ठरलेली होती; पेट्यांवरचे ते क्रमांकांचे कागद मात्र पहिल्याच पावसात गळून गेले होते. आणि आकडे अधूनमधून एक दिवस बंद का पडतात, याचं उत्तर सारिकानं स्वतःच शोधलं होतं: कपाशी वाढली, पानं आडवी येत असतील.

ती फोटो काढायला शेतात गेली. भागवत तिथंच बसून राहिला.

"चहा ठंडा झाला," विमलबाई म्हणाली. "काय झालं तुमाले?"

त्यानं सांगितलं.

"मंग? चोरी केली काय तुमी? जपल्याच ना?"

"तिचं सारं चुकलं ना त्याच्यानं."

"तिले ठाव नाही, तिच्या सायबाले ठाव नाही. पुढच्या मह्यन्यात पास होऊन जाईल पोरगी. तीन सालं अभ्यासात खपली थे. तुमी सांगाले गेले, की बसली पुन्हा घरी."

"मले ठाव हाये."

"तुमाले ठाव असून तिचं काय भलं होते?"

भागवतनं चपला घातल्या आणि तो शेताकडं निघाला.

सारिका बांधावर उभी होती.

"पोरी, डवऱ्याच्या वेळी त्या पेट्या म्या काढत होतो."

"काढत होते म्हणजे?"

"उपटून. साऱ्या. गोठ्यात ठुवायच्या न् दुसऱ्या दिवशी लावायच्या."

तिला आधी हसू आलं. मग ते गेलं. "कोणती कुठं होती ते पाहूनच लावत होते ना, काका?"

"खुंटीवर लावत होतो. पेट्या तं साऱ्या सारख्याच दिसते."

"किती वेळा?"

"औंदा चार. मागच्या साली तीन."

ती बांधावर बसली. "मी दर रविवारी विचारलं तुम्हाला, पेट्यांना काही झालं काय म्हणून."

"काही झालंच नव्हतं त्याइले."

"मग आज काऊन सांगता?"

"मुरूम निळा दिसला तुह्या नकाशात. थो निळा नसते."

सारिकानं सरांना फोन लावला. भागवत चार पावलांवर उभा होता. "पेट्या चांगल्या आहेत, सर. त्यांच्या जागा बदलत गेल्या... नाही, चूक माझी आहे. डवरणीत इथल्या पेट्या कशा वाचतात, हे मी विचारलंच नाही." भागवत पुढं झाला, "म्या सांगतो त्याइले," म्हणाला, पण तिनं हात वर करून त्याला थांबवलं.

मागच्या वर्षीच्या पहिल्या डवरणीआधीचे दिवस तेवढे कामाचे, बाकी टाकावे लागतील, असं सर म्हणाले. मुदतवाढीचा अर्ज करता येईल. मिळेलच असं नाही.

मग ती वही घेऊन शेतात उतरली. मोबाइलवर पाहून प्रत्येक पेटीचा खरा क्रमांक आणि आज ती कुठं आहे ते लिहू लागली. भागवत मागोमाग होता.

"ही इथं कधीपासून?" तिनं विचारलं.

"नाही सांगता येत."

पुढच्या पेटीजवळ पुन्हा तेच, आणि त्याच्या पुढच्याही. कोणाचा विळा कोणत्या साली आणला होता हे सांगू शकणारा माणूस मान खाली घालून नाही म्हणत होता. सातव्या पेटीनंतर तिनं विचारणं सोडलं. नुसती लिहीत पुढं गेली. भागवत मात्र प्रत्येक पेटीजवळ थांबत होता, ती अजून एकदा विचारेल म्हणून.