धवलारणीचा आवाज

ओल्या हळदीचा वास आला की नेरे गावातलं ते लग्न आठवतं. मी व्हिडिओ काढायला गेलो होतो. धवळे गाऊन देवांना मांडवात बोलावणारी धवलारीण बंदराजवळच्या द्रोणागिरीतल्या गोदामातली एका दिवसाची हजेरी बुडवून आली होती. गाण्याबद्दल तिला एक साडी मिळणार होती. ती गायला लागली आणि वायर जोडणारा डीजेवाला जागच्या जागी थांबला. गाणं संपल्यावर माझ्या लक्षात आलं, कॅमेऱ्याचा माइक बंदच होता. "मावशी, परत एकदा म्हणाल?" ती म्हणाली, "दादा, देव येऊन बसलं हायत. आता त्यांना परत कशी बोलवू?" मी समोरच्या रिकाम्या पाटांकडे पाहिलं आणि गुपचूप चपला काढल्या. मला पूर्ण पैसे मिळाले. त्या व्हिडिओत तिचे नुसते ओठ हलतात. तरी तो लावताना मी अजून चपला काढतो.